ओव्हरड्राइव्ह की ऑटोकार इंडिया : जुन्या अंकांचा कोणता गठ्ठा उचलावा?

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. इंदूरच्या खजुरी बाजारात एका जुन्या पुस्तकवाल्याकडे गाड्यांच्या मासिकांचे दोन गठ्ठे आलेत. एकात ‘ओव्हरड्राइव्ह’, दुसऱ्यात ‘ऑटोकार इंडिया’, दोन्ही साधारण पहिल्या चार-पाच वर्षांचे. फ्लॅट विजयनगरला, एका बेडरूमचा, आणि भाचसुनेनं कपाटाचा एकच खण मंजूर केलेला. “मामा, कुठला घेऊ?” माझ्याकडे दोन्ही होते. माळ्यावर ठेवले, आणि निम्मे वाळवीनं माझ्याआधी वाचून काढले. तेव्हा विचारायला माणूस बरोबर निवडला होता.

आधी एक गोष्ट. ही दोन्ही मासिकं एका वर्षाच्या अंतरानं निघाली, हा योगायोग नाही. 14 डिसेंबर 1983 ला पहिली मारुती 800 रस्त्यावर आली. त्याआधी आपल्याकडे निवड म्हणजे अॅम्बेसेडर किंवा फियाट, ती जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. पैसे भरायचे आणि नंबर लागायची वाट बघायची. अशा काळात ‘ही की ती?’ असा लेख वाचायचा कुणी, आणि कशाला? 1998 मध्ये मात्र सँट्रो आली, मॅटिझ आली, वर्ष संपता संपता इंडिका आली. त्याच वर्षी ओव्हरड्राइव्ह सुरू झालं, आणि सप्टेंबर 1999 मध्ये ऑटोकार इंडिया. दुकानात चार गाड्या दिसू लागल्यावरच गिऱ्हाइकाला सल्लागार लागला.

आता फरक बघू. ओव्हरड्राइव्ह इथलंच. पहिले संपादक आदिल जाल दारुखानावाला, हाडाचे गाडीवेडे. पुढे त्यांनी 2005 मध्ये ‘कार इंडिया’ आणि ‘बाइक इंडिया’ काढली. ओव्हरड्राइव्हची सूत्रं नंतर इतरांकडे गेली. त्यातलेच सिरीश चंद्रन पुढे 2013 मध्ये ‘इव्हो’ या ब्रिटिश गाड्यांच्या मासिकाची भारतीय आवृत्ती घेऊन आले. म्हणजे संच घेताना वर्ष बघून घ्यावं, हात बदलला की चव बदलते. दुचाकी दोन्हीकडे आहेत, पण ओव्हरड्राइव्हमध्ये मला त्या कधी सावत्र वाटल्या नाहीत. 1999 ची सीबीझेड आणि 2001 ची पल्सर ही आमच्या पिढीची खरी प्रेमप्रकरणं. कार शेजाऱ्याकडे असायची.

ऑटोकार इंडियाचं घराणं विलायती. मूळ ‘द ऑटोकार’ 2 नोव्हेंबर 1895 ला इंग्लंडमध्ये साप्ताहिक म्हणून निघालं, तेव्हा इंदुरात टांगासुद्धा तोऱ्यात चालत असणार. गाडी चालवून, मोजून, पद्धतशीर रोड टेस्ट छापायची प्रथा आपणच 1928 मध्ये ऑस्टिन सेव्हनपासून सुरू केली असं ते सांगतात. विलायतेत पुढे गाडीच्या मागे सायकलसारखं पाचवं चाक जोडून वेग मोजत. भारतीय आवृत्तीत होरमझद सोराबजी पहिल्यापासून संपादक आणि मोजमापाची ही सवय तशीच उतरली. मला ऑटोकार आवडतं ते याच एका कारणानं.

कारण सांगतो. ताशी शून्य ते शंभर किलोमीटरचा वेग किती सेकंदांत, हा आकडा पोरासोरांनी कट्ट्यावर सांगायचा. ऑटोकार इंडिया त्याशिवाय तिसऱ्या गिअरमध्ये 20 ते 80 आणि चौथ्यात 40 ते 100 किती सेकंदांत, हेही देतं. आग्रा–मुंबई रस्त्यानं मानपूरचा घाट उतरून सेंधव्यामार्गे धुळ्याकडे गेलेल्या कुणालाही विचारा. पुढे ट्रक, समोरून बस, मागे सासूबाई. तेव्हा गिअर न बदलता गाडी किती झटकन उचलते, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. अॅव्हरेजही शहरातलं वेगळं, हायवेचं वेगळं. माझी दुसरी गाडी घेताना शोरूमवाल्यानं छातीठोकपणे एक अॅव्हरेज सांगितलं होतं. ते मला फक्त त्याच्या तोंडून मिळालं, पेट्रोलच्या टाकीतून कधीच नाही. मासिकातला शहराचा आकडा मात्र माझ्या डायरीशी जुळला.

(आता याच कामासाठी आपल्या इंदूरजवळच्या पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, 2021 मध्ये सुरू झालेला. या गठ्ठ्यांच्या काळात तिथे वेगाचं नावही नव्हतं.)

निव्वळ वाचनाचं सुख हवं असेल तर खरं म्हणजे दोन्ही सोडा. 1924 पासूनचं ब्रिटिश ‘मोटर स्पोर्ट’ बघा. 1955 च्या मिले मिलिया या इटलीतल्या रस्त्यांवरच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस या रेसरशेजारी बसून, वळणांच्या टिपणांची कागदी गुंडाळी उलगडत हजार मैल गेलेला डेनिस जेंकिन्सन त्यांचाच वार्ताहर, आणि त्याचा तो वृत्तांत तिथेच छापून आला. पण त्यासाठी रद्दी धुंडाळू नका, त्यांचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात.

भाच्याचा निकाल मात्र तारखेनं लावला. त्याच्याकडे वडिलांची पहिल्या खेपेची सँट्रो आहे, ती तो पुन्हा उभी करतोय. ती बाजारात आली तेव्हा ऑटोकार इंडिया जन्मलंच नव्हतं. त्या वेळचं ताजं मत, त्या वेळच्या जाहिराती, किंमती, रंग हे मिळालं तर ओव्हरड्राइव्हमध्येच मिळणार. म्हणून तो गठ्ठा. तुमची गाडी 2000 नंतरची असेल किंवा आकड्यांत रस असेल, तर बेलाशक दुसरा.

घेण्याआधी सुतळी सोडून बघा. मधली पानं आहेत का? पोस्टर तर कुणीतरी भिंतीवर लावलेलंच असतं, पण त्याबरोबर पाठची रोड टेस्टही गेलेली असते. पिना गंजल्या असतील तर काढून दोऱ्यानं शिवून घ्या. पानांत कसर दिसली तर घरातल्या इतर पुस्तकांची दया करा. किलोचा भाव ठरवू नका, हे अंक जाड गुळगुळीत कागदाचे, वजनाला भारी पडतात.

ऑटोकारचा गठ्ठा परवापर्यंत तिथेच होता. वरचे दोन अंक पावसात भिजलेत, तेवढे वजा करून भाव करा.