कच्च्या वाटेवरची चेन : डीआयडी ५२० व्हीएक्स३

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर, त्यातही पावसाळ्यात, डर्ट बाईकची साधी चेन किती लवकर कामातून जाते हे घाटमाथ्यावर गाडी चालवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्यामुळे जपानच्या डीआयडी कंपनीची ५२० व्हीएक्स३ ही एक्स-रिंगची सीलबंद चेन मी बसवून घेतली आणि उन्हाळ्याची धूळ व जांभ्याचा लाल चिखल या दोन्हींतून ती वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

साध्या चेनमध्ये पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) यांच्यामधले वंगण बाहेरूनच पोचवावे लागते, आणि दोन ओढे ओलांडले की ते धुऊन निघते. सीलबंद चेनमध्ये कारखान्यातच भरलेले ग्रीस प्लेटांमधल्या रबरी कड्यांनी आत कोंडलेले असते. ओ-रिंगचे कडे गोल असल्याने दाबले गेल्यावर प्लेटवर रुंद घासत बसते. एक्स-रिंगला मात्र दोन्ही बाजूंना दोन-दोन बारीक ओठ असतात, त्यामुळे घर्षण कमी होते आणि एक ओठ झिजला तरी दुसरा ग्रीस धरून ठेवतो. नवी चेन हातात घेतली तर ती साध्या चेनपेक्षा जड आणि थोडी ताठ लागते. हा दोष नव्हे, तो त्या कड्यांचाच परिणाम आहे. सोनेरी रंगासाठी मात्र जास्त पैसे मोजू नयेत, कारण तो केवळ प्लेटांवरचा मुलामा असतो.

खरेदीपूर्वी माप नीट पाहावे. ५२० मापाच्या चेनचा पिच (लगतच्या दोन पिनांमधले अंतर) १५.८७५ मिमी असतो, तर लहान गाड्यांवरच्या ४२८ चेनचा १२.७ मिमी, एकीचे स्प्रॉकेट (दातेरी चाक) दुसरीला चालत नाही. कड्यांमुळे सीलबंद चेनची एकूण रुंदी वाढते, म्हणून निव्वळ शर्यतीसाठी बनवलेल्या गाडीत पुढच्या स्प्रॉकेटजवळ तेवढी जागा आहे की नाही, हे आधी तपासलेले बरे. चेनची टोके जोडण्यासाठी लॉकपेक्षा (काढता येणाऱ्या क्लिपपेक्षा) रिव्हेट (पिनेचे टोक पसरवून केलेला कायमचा जोड) मला जास्त भरवशाचे वाटते. लॉकच वापरायचे असेल, तर त्याचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे. जोडाची प्लेट दाबताना चारही रबरी कडी ग्रीस लावून जागच्या जागी बसली आहेत, हे पाहावे. प्लेट गरजेपेक्षा जास्त दाबली, तर कडी चेपतात आणि तेवढाच दुवा ताठ राहतो.

निगा राखण्यात खरी अडचण आळसाची नसून अतिउत्साहाची आहे. पेट्रोल किंवा थिनरने रबर खराब होते, तारेच्या ब्रशने कडी फाटतात, आणि वॉशिंग सेंटरमधला प्रेशरचा फवारा जवळून मारला, तर पाणी व बारीक वाळू थेट सीलच्या आत ढकलली जाते. रॉकेल (आता शोधूनच आणावे लागते) किंवा सीलबंद चेनसाठीचा क्लीनर, मऊ ब्रश आणि कोरडे फडके एवढे पुरते. त्यानंतर ८०डब्ल्यू-९० गिअर ऑईलचा पातळ हात फिरवून जास्तीचे पुसून टाकावे. हे तेल पिनपर्यंत पोचत नाही आणि पोचण्याची गरजही नाही. ते रोलरसाठी (बुशवर फिरणाऱ्या बाहेरच्या नळीसाठी), गंज टाळण्यासाठी आणि रबर मऊ राहण्यासाठी असते. चिकट स्प्रेवर उन्हाळ्यातली धूळ बसली की त्याची पॉलिश पेपरसारखी लुगदी होते, म्हणून कच्च्या रस्त्यासाठी तो मी टाळतो. गिअर ऑईलचे शिंतोडे रिमवर उडतात, ते मात्र सहन करावे लागतात.

ताणाबाबत गल्लीतल्या गॅरेजवर विसंबून राहू नये. डर्ट बाईकच्या सस्पेन्शनचा पल्ला मोठा असल्याने स्टँडवर उभ्या गाडीची चेन सैल लोंबलेली दिसते, आणि रोजच्या प्रवासाच्या गाड्या हाताळणारा मेकॅनिक ती हमखास आवळून टाकतो. पुढच्या स्प्रॉकेटचे केंद्र, स्विंगआर्मची (मागचे चाक धरणाऱ्या वरखाली हलणाऱ्या दांड्याची) पिन आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. त्या स्थितीतही तिच्यात थोडी ढिलाई उरली पाहिजे, नाहीतर पुढच्या शाफ्टचे बेअरिंग आणि चेनमधली रबरी कडी दोन्ही लवकर जातात. नेमके माप आपल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे.

झीज तपासण्यासाठी चेन ताणून धरून २० पिच मोजावेत. नव्या ५२० चेनमध्ये हे अंतर ३१७.५ मिमी भरते. ते सुमारे ३२०.७ मिमीपर्यंत, म्हणजे एक टक्क्याने वाढले की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलावीत. त्याआधीच एखादे कडे बाहेर आलेले, पिनच्या तोंडाशी तांबूस भुकटी साचलेली किंवा एखादा दुवा वाकून तसाच राहिलेला दिसला, तर माप कितीही चांगले असले तरी ती चेन संपलेली समजावी, कारण ग्रीस गेलेला दुवा शेजाऱ्यांपेक्षा झपाट्याने झिजतो.

किंमत साध्या चेनपेक्षा बरीच जास्त आहे आणि बाजारात नकली मालही फिरतो, त्यामुळे पक्के बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावी. रस्ता आणि रान दोन्हीकडे फिरणाऱ्याला ती परवडते. फक्त ट्रॅकवर मोटोक्रॉस खेळणाऱ्याने, जो दर शर्यतीनंतर चेन धुतो आणि वजनाचा हिशेब ठेवतो, साधी हलकी चेनच घ्यावी.