दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस, बरेच महिने वापरून: गेनच्या नॉबने छळलं, त्यानेच सोडवलं

इंटरफेस, म्हणजे माइक-गिटार संगणकाला जोडणारी पेटी, दुरुस्त होऊन परत आलाय, त्यामुळे आता लिहितो. २४ बिट, यूएसबी-सी, फँटम पॉवर हे सगळं तुम्हाला माहीत आहे. प्रीअँप (आत येणारा सिग्नल वाढवणारे भाग) शांत आहेत, ड्रायव्हरने कधी दगा दिला नाही. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ठेवला तर एका बाजूचा उशीर २.७ मिलिसेकंदांच्या आसपास असतो; कन्व्हर्टरचा उशीर आणि परतीचा प्रवास धरूनही हाताला तो जाणवत नाही.

मला बोलायचंय ते गेनच्या नॉबबद्दल, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा हे ठरवणाऱ्या नॉबबद्दल.

करंगळीच्या नखाएवढा, गुळगुळीत, ना आकडे ना खाचा. पाऊण फेरी होईपर्यंत आवाज जेमतेम वाढतो आणि शेवटच्या टप्प्यात एकदम उसळतो. माइकला हे खपून जातं, पातळी नंतर फेडरने सांभाळता येते. गिटारला खपत नाही. अँप सिम्युलेटर (गिटार अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) किती फाटणार, हे त्याच्याकडे येणाऱ्या सिग्नलवर ठरतं. ६ डीबी वाढले म्हणजे सिग्नल दुप्पट, आणि काल ज्या प्रीसेटमध्ये कॉर्डचा प्रत्येक सूर वेगळा ऐकू येत होता, तिथे आज नुसता गुरगुराट.

याची किंमत गाण्याला मोजावी लागते. मुखडा सुचलेला असतो, शब्द जिभेवर असतात, गिटार जोडावी तर कालचा टोन गायब. मग ड्राइव्ह कमी कर, कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची नोंद) बदल, प्लगिनमधला माइक स्पीकरच्या पडद्याच्या मध्यावरून कडेला सरकव. तासाभराने टोन झकास लागतो आणि अंतऱ्याची चाल डोक्यातून गेलेली असते. याच रागाने मी डिजिटल गेनवाला इंटरफेस घ्यायला निघालो होतो.

तो खर्च वाचला. उपाय साधा निघाला: हाय-झेड (गिटार थेट जोडण्यासाठीचं बटण) दाबायचं आणि नॉब पूर्ण डावीकडे, अगदी किमान गेनवर. खाचा नसलेल्या नॉबवर डोळे मिटूनही हमखास गाठता येतील अशा जागा दोनच, आणि त्यातली ही कामाची. माझ्या गिटारचे हंबकर (तारांचा आवाज उचलणारे दोन कॉइलचे पिकअप) या पातळीला पुरतात. शिखरं −१८ डीबीपर्यंतच, म्हणजे कमाल पातळीच्या १८ डीबी खालपर्यंतच, गेली तरी २४ बिटमध्ये काही बिघडत नाही. बाकीचा गेन प्लगिनच्या इनपुटला द्यायचा. तिथे आकडा असतो आणि तो प्रोजेक्टबरोबर सेव्ह होतो.

तेव्हापासून लिहिताना एकच टेम्प्लेट, एकच जवळपास क्लीन टोन. मुखडा आणि दोन्ही अंतरे होईपर्यंत त्याला हात लावत नाही. ट्रॅकवर कोरा डीआयच (अँपचा रंग न चढलेला थेट सिग्नल) उतरतो, त्यामुळे टोनचा निर्णय मिक्सपर्यंत लांबवता येतो. आणि मिक्समध्ये लागतो तो टोन एकटं वाजवताना आवडणारा नसतोच. परवाच्या गाण्यात ऱ्हिदम गिटार दोनदा वाजवून डावी-उजवीकडे टाकली. दोन टेक मिळून आवाज आपोआप जाड होतो, म्हणून ड्राइव्ह बराच उतरवला. १०० हर्ट्झखालचं कापलं, २५०च्या आसपासचा गाळ काढला, ३ किलोहर्ट्झजवळ दोनेक डीबी खाली घेतलं. सोलो करून ऐकली तर गिटार किरकिरी लागते. पण दुसऱ्या अंतऱ्यातली जोडाक्षरं स्वच्छ कळतात, आणि मला तेच हवं होतं.

आता सर्व्हिस. नॉब फिरवला की खरखर येऊ लागली होती, पोटेन्शिओमीटरची. कंपनीचं पहिलं उत्तर: ड्रायव्हर पुन्हा टाका. दुसरंही तेच. यंत्रातल्या बिघाडासाठी ग्राहकाला सॉफ्टवेअरच्या फेऱ्यांत अडकवणं चूक आहे, आणि वॉरंटीचे दिवस त्यात सरतात. शेवटी काहीही न जोडता फक्त नॉब फिरवून रेकॉर्डिंग केलं आणि फाइल पाठवली. मग सुटा भाग बदलून मिळाला. तुमच्यावर वेळ आली तर पहिल्याच मेलला अशी फाइल जोडा.

परत आल्यावर जुना प्रोजेक्ट उघडला, नॉब डावीकडे टेकवला, तोच रिफ वाजवला. टोन जिथल्या तिथे. घ्यायचा असेल तर घ्या, पण सिंगल कॉइलवाल्यांनी (एकाच कॉइलचे, सहसा कमी सिग्नल देणारे पिकअप) किमान गेनवर आपली गिटार आधी वाजवून बघा. सिग्नल फार खाली राहिला तर ही युक्ती चालणार नाही आणि नॉबशी झगडा अटळ आहे. कंपनीने पुढच्या मॉडेलात निदान खाचा तरी द्याव्यात.