पडवीवर कौलं की पत्रा? उतार मोजून मग ठरवलं, दहा महिने वापरल्यावरचा अनुभव

आमचं घर दापोली तालुक्यात, चिऱ्याचं जुनं घर, वर मंगलोरी कौलं. गेल्या मे महिन्यात मागच्या पडवीवरची कौलं उतरवून रंगीत पत्रा घातला, आता मार्च आलाय, म्हणजे अख्खा पावसाळा, थंडी आणि उन्हाची सुरुवात असं सगळं बघून झालंय म्हणून सविस्तर लिहिते. छप्पर करायला काढलेल्या कोणालाही मी हल्ली पहिला प्रश्न विचारते की उतार किती आहे तुमचा, कारण आम्ही ते न विचारता सात पावसाळे बादल्या लावून काढलेत.

मूळ घराचा उतार फुटाला सात इंच, म्हणजे साधारण ३० अंश. जुन्या सुतारांनी तो उगाच नाही ठेवलेला, त्या भागावर कौल कधी गळलंच नाही, फुटलं तेव्हाच काय ते. पडवी मात्र बाबांनी नंतर वाढवली, दहा फूट रुंद, आणि भिंतीला जिथे टेकते तिथे उंची फक्त नऊ फूट. आता तोच सात इंचाचा उतार पुढे न्यायचा म्हटलं तर बाहेरच्या टोकाला तीन फूट उंची उरते, माणूस आत जाणार कसा? म्हणून फुटाला अडीच इंच उतार ठेवला, म्हणजे जेमतेम १२ अंश, आणि घराशी जुळतं दिसावं म्हणून कौलं मात्र तीच घातली. इथेच चुकलं.

मंगलोरी कौल एकमेकांत अडकतं खरं, पण त्यात रबर नाही की सिमेंट नाही, पाणी खाली पळतंय तोवरच ते कोरडं. उतार कमी झाला की पाणी रेंगाळतं, नैऋत्येकडून वारा आला की जोडाखालून वर चढतं, आणि आमच्या मागे तर फणस नि आंबा, त्याचा पाला खाचेत बसला की पाण्याला दुसरी वाटच नाही. त्यात कौल मातीचं, दिवसच्या दिवस भिजत राहिलं की शेवाळ धरतं, ते आणखी पाणी अडवतं. शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं काढून, साफ करून पुन्हा बसवणं, करून करून थकलो, गडी मिळत नाहीत ते वेगळंच.

अजून एक गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. घराच्या मागच्या पाख्यावरचं, म्हणजे छपराच्या मागच्या उतरत्या बाजूवरचं, सगळं पाणी पडवीवर पडतं. तो पाखा वरून धरला तर ३० बाय १५ म्हणजे ४५० चौरस फूट, त्यावर १०० मिलीमीटर पाऊस झाला तर चार हजार लिटरच्या वर पाणी होतं, आणि आमच्याकडे जुलैत १०० मिलीमीटरचा दिवस म्हणजे काही नवल नाही. एवढं पाणी १२ अंशाच्या कौलांवर!

पत्रा घालताना फॅब्रिकेटरशी दोन गोष्टींवरून वाद घातला आणि बरं झालं घातला. एक म्हणजे भिंतीपासून टोकापर्यंत एकाच लांबीचा पत्रा, मध्ये आडवा जोड नको, कारण कमी उतारावर गळणार तर तिथूनच. तो म्हणत होता दोन तुकडे स्वस्त पडतील. दुसरं, शेजारच्या पत्र्यावर चढणारी कड वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवायची, म्हणजे पावसाचा झोत जोडात शिरत नाही. स्क्रू उंचवट्यावर, खोलगटात नाहीत. वरची कड घराच्या शेवटच्या कौलांखाली नीट फूटभर आत घेतली.

पावसाळ्यात काय झालं? एक थेंब नाही. खरंच नाही. आई पहिल्या रात्री सवयीने बादली ठेवून झोपली होती. जुलैत एकच भानगड झाली, पत्रा गुळगुळीत असल्यामुळे पाणी इतक्या वेगाने येतं की जोराच्या सरीत कडेला पाणी झेलणाऱ्या पन्हळीवरून उडी मारून अंगणात पडायला लागलं, मग पन्हळ बदलून रुंद घ्यावी लागली. कौलांच्या मापाची पन्हळ पत्र्याला पुरत नाही हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्रास आहेत, ते लपवत नाही. पाऊस लागला की पडवीत फोनवर बोलता येत नाही. डिसेंबरात पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरायचं आणि वाळत टाकलेल्या कपड्यांवर टपटप पडायचं, आधी वाटलं गळतंय की काय. आणि आत्ता दुपारी बारानंतर तिथे बसवत नाही, मे तर यायचाय.

म्हणूनच मूळ घरावरची कौलं काढायला मी साफ नाही म्हटलं. माकडं कौलं फोडतात म्हणून गावात बरेच जण सगळ्यावरच पत्रा टाकतायत, त्यांची अडचण मला कळते, पण ३० अंशाचा उतार असताना कौलाइतकं थंड छप्पर दुसरं नाही. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमची कडेची आणि आढ्याजवळची कौलं गेली, मधली जागेवर राहिली, म्हणून आता कडेच्या दोन ओळी तारेने खालच्या रिपांना, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्यांना, बांधल्यात.

मावशीचं सासर बार्शीकडे, त्यांचं जुनं घर माळवदाचं, वर सपाट पांढऱ्या मातीचा थर. लहानपणी मला कोडं पडायचं की हे गळत कसं नाही. तिकडे पाऊसच वर्षाला पाचशे-सहाशे मिलीमीटर, आमच्याकडे तीन हजाराच्या वर. तेच माळवद दापोलीत आठ दिवस टिकणार नाही.

पडवीसाठी आता बांबूचे तट्टे सांगून ठेवलेत, पत्र्यापासून वीतभर खाली ठोकायचेत म्हणजे मधून वारा खेळेल आणि दवही अंगावर पडणार नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काम आहे, मे काढला की इथेच खाली लिहिते किती फरक पडला ते.