जुन्या कॅराव्हॅनच्या गळक्या छतासाठी ब्युटाईल टेप: एका पावसाळ्याचा अनुभव

आमची ओढून न्यायची कॅराव्हॅन जुनी आहे, तिचे छत ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आहे आणि ती पुण्यातल्या धायरीत उघड्यावरच उभी असते. गेल्या मे महिन्यात वळवाच्या पहिल्याच सरीनंतर मागच्या पलंगावरची गादी भिजलेली आढळली. थेंब मागच्या कोपऱ्यात पडत असल्याने आम्ही दोन दिवस तोच कोपरा तपासत राहिलो. प्रत्यक्षात पाणी शिरत होते ते छताच्या मधल्या झरोक्याच्या चौकटीखालून, आणि पत्रा व प्लायवूड यांच्यामधल्या फटीतून उताराकडे वाहत ते मागे येत होते. नळीने पाणी सोडून गळती शोधायची असेल, तर सर्वांत खालच्या सांध्यापासून सुरुवात करून एकेक सांधा वर चढत जावे.

याच चौकटीभोवती दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये जुन्या मळकट सीलंटवरच सिलिकॉन लावून दिले होते, ते कडेने सुटले होते. पाच मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा ४० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे साडेचार मिलिमीटर वाढतो, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात पहाट व भरदुपार यांत तापलेल्या छताला एवढा फरक सहज पडतो. अशा हलत्या सांध्यावर अर्धवट चिकटलेला थर टिकणे शक्यच नव्हते. ब्युटाईल (मऊ, चिकट कृत्रिम रबर) सहसा वर्षानुवर्षे मऊच राहते, पत्र्याबरोबर ते ताणले जाते, म्हणून मी ते निवडले. मात्र सिलिकॉनचा अंश उरला तर त्यावर दुसरे काहीही नीट धरत नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्यातच माझे दोन रविवार गेले, आणि या कामाचे यश मला टेपपेक्षाही या सफाईत वाटते. (छत ईपीडीएम रबराचे असल्यास पेट्रोल किंवा थिनरने पुसू नये, त्याने रबर फुगते.)

टेप दोन प्रकारच्या घेतल्या. पहिली साधी, दोन्ही बाजूंनी चिकट, चौकटीच्या कडेखाली दाबली जाणारी. चौकट काढून, खाली ही टेप अंथरून, स्टेनलेस स्टीलच्या नव्या स्क्रूंनी ती पुन्हा बसवली, कारण ओलीत साधे लोखंडी स्क्रू गंजतात. स्क्रू एकदम न आवळता सर्व बाजूंनी थोडे थोडे आवळावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. दाबाने टेप पसरते व स्क्रू सैल पडतात. बाहेर आलेला भाग कापून टाकता येतो, पण हाताला आणि कपड्यांना लागलेला काळा चिकटा सहज निघत नाही.

दुसरी टेप ॲल्युमिनियमच्या आवरणाची, वरून चिकटवायची. सरळ सांध्यावर ती रोलरने उत्तम बसली. कोपऱ्यावर मात्र तिला सुरकुत्या पडल्या, आणि सुरकुतीखालून पाणी शिरू शकते.

कोणतीही टेप कुजलेल्या लाकडाचा उपाय नव्हे. आमच्या मागच्या कोपऱ्यातल्या प्लायवूडमध्ये स्क्रूड्रायव्हर सहज रुतला, तेव्हा तेवढा तुकडा कापून, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेले मरीन प्लायवूड बसवले. त्याआधी उरलेले लाकूड पूर्ण वाळू दिले, कारण ओलीवर टेप लावल्यास ओल आतच कोंडते.

जुलैत ताम्हिणी घाटाजवळ दोन रात्री मुसळधार पावसात राहिलो आणि आतून छताला हात लावून पाहिला. ते कोरडे होते. ऑक्टोबरमध्ये शिडी लावून तपासले, तेव्हा झरोका जसाच्या तसा होता, आवरणाच्या टेपची कोपऱ्यावरची कड मात्र दोन सेंटिमीटर उचलली गेली होती. साधी टेप मी निःशंकपणे पुन्हा घेईन. आवरणाची टेप सरळ सांध्यापुरतीच वापरेन, आणि तो कोपरा आता न ओघळणाऱ्या पॉलियुरेथेन सीलंटने बंद करणार आहे.