वंध्यत्व उपचारांतील मानसिक ताण: कोणती प्रश्नावली निवडावी?

सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाच्या (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) २०२१ च्या कायद्याने जोडप्याला व्यावसायिक समुपदेशन देणे उपचार केंद्रांवर बंधनकारक केले. मात्र मनावरचा ताण कशाने मोजायचा, हे केंद्रालाच ठरवावे लागते. ही निवड करताना आपल्याला नैराश्य ओळखायचे आहे, पुढे कोण खचेल याचा अंदाज घ्यायचा आहे, की वंध्यत्वामुळे त्या दोघांच्या रोजच्या जगण्यावर काय ओढवले आहे हे जाणून घ्यायचे आहे, हे आधी स्पष्ट असावे.

नैराश्याची लक्षणे तपासणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली सर्वांत सुलभ आहे. मागील दोन आठवड्यांविषयीचे नऊ प्रश्न, ० ते २७ गुण, विनामूल्य वापर आणि उपलब्ध मराठी भाषांतर यांमुळे बहुतेक ठिकाणी तीच वापरावीशी वाटते. परंतु तिच्यातले तीन प्रश्न झोप, थकवा आणि भूक यांविषयी आहेत, आणि स्त्रीबीजे वाढवण्याची इंजेक्शन्स सुरू असताना किंवा ट्रान्सफरनंतर (गर्भाशयात भ्रूण सोडल्यानंतर) प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चालू असताना ही लक्षणे औषधांमुळेही उद्भवतात. त्यामुळे १० किंवा त्याहून अधिक गुण आले तरी ते नैराश्याचे की औषधांचे, हे आकड्यावरून कळत नाही. १९८३ मध्ये रुग्णालयांतील रुग्णांसाठी तयार झालेल्या हॅड्स या मापिकेत अशी शारीरिक लक्षणे जाणीवपूर्वक टाळली आहेत. तिचे १४ प्रश्न चिंता आणि नैराश्य वेगवेगळे मोजतात. म्हणून चालू सायकलमध्ये, म्हणजे उपचारांची एक फेरी सुरू असताना, मी हॅड्सला पसंती देईन, मात्र तिच्या वापरासाठी परवाना घ्यावा लागतो.

या दोन्ही मापिकांना वंध्यत्वाची ओळखच नाही. बारशाला जाणे टाळणारी, पाळी आली की दोन दिवस कोणाशी न बोलणारी स्त्री त्यांत सहज सुटू शकते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली फर्टिक्यूओएल प्रश्नावली नेमके हेच विचारते. तिच्या ३६ प्रश्नांपैकी २४ मूळ प्रश्न भावना, मन आणि शरीर, जोडीदाराशी नाते आणि सामाजिक जीवन या चार अंगांचे आहेत, तर १० प्रश्न उपचार कितपत सोसवतात आणि केंद्रातले वातावरण कसे आहे यांविषयी आहेत. मूल होण्यासाठी भोवतालच्या लोकांचा दबाव जाणवतो का, हा तिच्यातला प्रश्न आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात विशेष बोलका ठरतो. ती पुरुषांनीही भरायची आहे, आणि दोघांनी ती वेगवेगळ्या खोल्यांत बसून भरावी, असा माझा आग्रह आहे, कारण सासू किंवा नवरा शेजारी असताना दिलेल्या उत्तरांवर मी विसंबणार नाही. गुण वाचताना मात्र सावध राहावे: येथे ० ते १०० पैकी अधिक गुण म्हणजे चांगली स्थिती, पीएचक्यू-९ च्या नेमके उलट. शिवाय ती जीवनमान मोजते, आजाराचे निदान करत नाही.

स्क्रीनआयव्हीएफ ही नेदरलँड्समधील ३४ प्रश्नांची चाळणी उपचार सुरू होण्यापूर्वी वापरण्यासाठी आहे. चिंता, नैराश्य, असहायता, परिस्थितीचा स्वीकार आणि आधार या पाच बाबींवरून ती पुढील धोका हेरते. धोका दाखवलेल्या प्रत्येकीला पुढे त्रास होतोच असे नाही, त्यामुळे ‘धोका आहे’ हा शिक्का फाईलवर मारण्यापेक्षा तिला समुपदेशनाची एक वेळ देणे उचित होय.

माझी निवड अशी: पहिल्या भेटीत स्क्रीनआयव्हीएफ, पुढे उपचार चालू असताना फर्टिक्यूओएल, आणि उदासी स्पष्ट दिसत असेल तर पीएचक्यू-९, चालू सायकलमध्ये मात्र तिच्याऐवजी हॅड्स. ट्रान्सफर आणि बीटा रिपोर्ट (गर्भधारणेची रक्ततपासणी) यांमधल्या दोन आठवड्यांत ताण साहजिकच वाढलेला असतो. त्या काळातला आकडा एरवीच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

पीएचक्यू-९ वापरायची ठरल्यास तिचा नववा प्रश्न, म्हणजे मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार, त्याच दिवशी कोण वाचणार आणि उत्तर ‘कधीच नाही’ याहून वेगळे असेल तर रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी तिच्याशी कोण बोलणार, हे नाव आधी निश्चित करावे. ते निश्चित नसेल, तर तोवर ही प्रश्नावली हाती देऊ नये.