सेकंडहँड ‘आय सेव्हन’ लॅपटॉप घेताय? पैसे देण्याआधी हे वाचा

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर जुना लॅपटॉप बघायला जाणाऱ्यांसाठी लिहितोय, दुकानाचं नाव घेत नाही कारण तक्रार केलेली आहे आणि त्या रस्त्यावर सरळ धंदा करणारेही पुष्कळ आहेत.

भाचीला आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीएच्या ट्रेनिंगसाठी, लॅपटॉप हवा होता. टॅली, एक्सेल, दहा-बारा टॅब उघडे, बस्स. आय फाइव्हवाला २१ हजार आणि तसाच दिसणारा आय सेव्हनवाला २९ हजार, म्हणजे निव्वळ प्रोसेसरचे (इंटेलची मुख्य चिप, सेव्हन वरच्या दर्जाची समजतात) ८ हजार जास्त. दुकानदार म्हणाला, “साहब, आय फाइव्ह आज लोगे, अगले साल वापस आओगे.” लॅपटॉप चालू करून सेटिंगमध्ये अबाउट उघडून दाखवलं, तिथे स्वच्छ लिहिलेलं, आय सेव्हन ८५५०यू. खाली कीबोर्डशेजारी चकचकीत निळा स्टिकर पण होता. आता एवढं बघितल्यावर कोण शंका घेणार?

घरी आल्यावर एक गोष्ट खटकायची, मशीन चालू केलं की एक काळी खिडकी क्षणभर चमकून जायची. भाची म्हणे मामा अपडेट असेल. मग तिच्या कॉलेजच्या मित्राने टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडलं, नाव तिथेही आय सेव्हन ८५५०यूच, पण खाली कोअर्स (चिपमधले काम करणारे भाग) २ आणि लॉजिकल प्रोसेसर, म्हणजेच थ्रेड, ४. आणि ८५५०यूला कोअर ४ असतात, थ्रेड ८! त्याने टास्क शेड्युलरमध्ये (आपोआप चालणाऱ्या कामांची विंडोजमधली यादी) शोधलं तर तिथे एक छोटी स्क्रिप्ट लावून ठेवलेली, विंडोज सुरू झालं की रजिस्ट्रीतलं, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतलं, प्रोसेसरचं नाव बदलायची. म्हणजे ती काळी खिडकी हीच. स्क्रिप्ट बंद करून रीस्टार्ट केलं आणि खरं नाव आलं, आय फाइव्ह ६३००यू. सहावी जनरेशन, २०१५ मधली, विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरच्या अधिकृत यादीत पण नाही.

परत गेलो तर दुकानदाराचा सूरच वेगळा. “टेस्टिंग वॉरंटी खतम, आपने ही बदला होगा.” बिलावर नुसतं ‘लॅपटॉप आय७ रिफर्ब’ (रिफर्ब म्हणजे दुरुस्त करून विकलेला जुना), सिरीयल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तर १८ टक्के वर लागतील म्हणाला होता, हा डाव तेव्हाच ओळखायचा असतो. आता १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, यूपीआयची पावती आणि त्या स्क्रिप्टचे स्क्रीनशॉट जोडून.

तुम्ही जाल तेव्हा पेन ड्राइव्हमध्ये सीपीयू-झेड हे प्रोसेसर तपासायचं सॉफ्टवेअर घेऊन जा, इन्स्टॉल न करता चालणारं मिळतं. ते विंडोजला विचारत नाही, थेट प्रोसेसरलाच विचारतं, त्यामुळे हे असलं नाव बदलून चालत नाही. नाहीतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा. दुकानदार “टाइम नही है” म्हणाला तर बाहेर पडा, शेजारी दहा दुकानं आहेत. आणि नुसतं आय सेव्हन ऐकून खिसा मोकळा करू नका हो, पुढचा आकडा विचारा. आय सेव्हन ७५००यूला २ कोअर आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये आलेल्या आय फाइव्ह ८२५०यूला ४, मग सांगा भारी कोणता? दुकानात मात्र सेव्हनचेच पैसे जास्त लावतात.

प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला असतो त्यामुळे तो नंतर बदलता येत नाही हे खरं, व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचं काम असेल तर तिथे जास्त पैसे टाका, पण नवा एच सिरीजवाला (नावात शेवटी यू ऐवजी एच असलेला, जास्त ताकदीचा) बघून. टॅली-एक्सेलवाल्यांनी १६ जीबी रॅम आणि एसएसडी आहे का ते बघावं. भाचीच्या मशीनमध्ये एसएसडी आहे, ८ जीबीच्या जोडीला आणखी एक ८ ची स्टिक टाकली आणि सध्या त्याच सहाव्या जनरेशनवर तिचं सगळं काम चाललंय, ८ हजार मात्र अजून त्या दुकानदाराच्या गल्ल्यातच आहेत.