कपडे काढून, हात लावून, नीट तपासणारा मुलांचा दवाखाना

रेटिंग: पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते शेवटी सांगते.

दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण प्रत्येकाला तो जवळ असेलच असं नाही, पण तिथे काय काय करतात ते लिहिलं तर तुम्ही जिथे जाल तिथे ते होतंय का हे बघता येईल. आमची मोठी तीन वर्षांची आणि धाकटा अजून तान्हा, दोघांनाही आता इथेच नेतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इथले डॉक्टर बाळाला खरंच तपासतात. हे वाचून वाटेल की सगळेच तपासतात की, पण नाही हो, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या छातीला वरूनच स्टेथो लावून "छान आहे, घेऊन जा" म्हणणारेही बघितलेत आम्ही.

इथे पहिल्या भेटीत सिस्टर आधी हीटरखालचं टेबल गरम करून घेतात, मग बाळाचे सगळे कपडे काढायला सांगतात, डायपरसकट. डॉक्टर कोपरापर्यंत हात धुतात, स्टेथो तळहातावर घासून कोमट करतात आणि बाळ शांत आहे तोवर आधी हृदयाचे ठोके ऐकून घेतात, कारण एकदा रडायला लागलं की काही ऐकू येत नाही. मग डोक्यापासून खाली. टाळूवरून बोट फिरवून ती फुगलीय का खोल गेलीय ते बघितलं, टेपने डोक्याचा घेर मोजला, तोंडात बोट घालून आतला वरचा टाळू फाटलेला नाही ना आणि बाळ बोट कसं ओढतंय ते बघितलं. खोली थोडी अंधारी करून डोळ्यात उजेड टाकला, दोन्ही बाहुल्यांतून लालसर चमक यायला हवी म्हणाले, एखाद्या डोळ्यात पांढरी दिसली तर मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठ असू शकते आणि मग लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, एक दिवस सुद्धा थांबायचं नाही.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी जांघेत दिला. दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेवून नाडी शोधत बसले, मी थोडी घाबरलेच, तर म्हणाले ही नाडी लागली नाही किंवा अगदी बारीक लागली तर हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी अरुंद असू शकते, आणि ते बाळ वरून एकदम ठणठणीत दिसतं म्हणून मी हे सोडत नाही. मग गुडघे वाकवून मांड्या हळूच बाहेर उघडल्या, खुब्याचा सांधा निसटतोय का ते बघायला. तो निसटता असेल आणि पहिल्या काही आठवड्यांत लक्षात आला तर बहुतेक वेळा पट्टा बांधून काम होतं, मूल चालायला लागल्यावर कळलं तर मात्र ऑपरेशनपर्यंत जाऊ शकतं. शेवटी पालथं करून पाठीचा कणा, शीची जागा, सगळं बघितलं. आणि हे करताना डॉक्टर सतत बोलत होते, काय बघतोय, का बघतोय, काय सापडलं. आईबापाच्या डोक्यातले अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ते डिलिव्हरीची फाइल ओळ न् ओळ वाचतात. आमच्या फाइलमध्ये अ‍ॅपगारचा आकडा होता, एक मिनिटाचा आणि पाच मिनिटांचा, पण आम्हाला कुणीच त्याचा अर्थ सांगितला नव्हता. यांनी सांगितलं की व्हर्जिनिया अ‍ॅपगार नावाच्या भूलतज्ज्ञ बाईंनी 1952 साली ही पद्धत काढली, रंग, ठोके, प्रतिसाद, हातपायांची ताकद आणि श्वास असे पाच मुद्दे, प्रत्येकाला 0 ते 2 गुण, आणि तो आकडा पुढे मूल हुशार होणार का हे सांगत नाही, फक्त जन्मल्याजन्मल्या बाळ कसं होतं तेवढंच. व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिल्याची नोंद आहे ना तेही बघितलं (ते नसेल तर बाळाला आतून रक्तस्राव होऊ शकतो). जिथे डिलिव्हरी झाली तिथे ऐकण्याची टेस्ट केलीच नव्हती आणि घरी सोडताना बोललेही नाहीत, याचा मला अजून राग आहे. इथे ती करून घेतली, बाळ झोपलेलं असताना कानात छोटा प्रोब घालतात, त्रास काही नाही. पहिल्या महिन्यात टेस्ट, काही वाटलं तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असं ते म्हणाले, कारण ऐकू आलं नाही तर बोलणंही मागे पडतं. तुमच्याही फाइलमध्ये ही टेस्ट, टाचेतून रक्त घेऊन केलेली थायरॉइडची टेस्ट, आणि 24 तासांनंतर उजव्या हाताला आणि पायाला लावलेल्या ऑक्सिमीटरचे आकडे आहेत का बघा. दोन्हीकडे 95 किंवा वर आणि दोघांत 3 पेक्षा जास्त फरक नको.

काविळीचं सांगते कारण त्यावर घरोघरी सगळ्यात जास्त सल्ले मिळतात. आमचा तिसऱ्या दिवशी पिवळा दिसायला लागला, आणि जो येईल तो म्हणे खिडकीत उन्हात ठेवा. डॉक्टर उन्हावर अजिबात अवलंबून राहिले नाहीत, रक्त तपासलं, आकडा बाळाच्या वयाच्या तासांप्रमाणे तक्त्यावर बघितला आणि लाइटखाली ठेवायचं ठरवलं. गंमत म्हणजे या लाइटची सुरुवात उन्हातूनच झालीय, 1950 च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टरच्या लक्षात आलं की बाळाचा उन्हात उघडा राहिलेला भाग कमी पिवळा दिसतोय, आणि त्यातून पुढे निळ्या प्रकाशाचे दिवे आले. पण दिव्याचा प्रकाश मोजून देता येतो, उन्हाचा नाही, शिवाय बाळ भाजू शकतं किंवा उघडं ठेवून गार पडू शकतं. पहिल्या 24 तासांत पिवळेपणा दिसला तर तो साधा समजायचा नाही, आणि दोन आठवड्यांनंतरही राहिला किंवा शी पांढरट मातीसारखी झाली तर तडक जायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

वजनावरूनही घाबरवलं नाही. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, 10 टक्क्यांच्या पुढे गेलं की काळजी, आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं. लगेच पावडरचा डबा लिहून न देता सिस्टरनी माझ्याजवळ बसून बाळ अंगावर कसं धरतेय ते बघितलं, हनुवटी टेकवली, तोंड मोठं उघडून घ्यायला शिकवलं. पाचव्या दिवसानंतर दिवसभरात निदान सहा वेळा शू झाली की दूध पुरतंय समजा, एवढा एक नियम देऊन घरी पाठवलं. मला त्याने केवढा धीर आला!

मोठीला खोकला झाला तेव्हाची गोष्ट वेगळी. तिला टेबलवर झोपवलंच नाही, माझ्या मांडीवरच ठेवून फ्रॉक वर करून पूर्ण एक मिनिट घड्याळात बघून श्वास मोजले. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे शांत असताना मिनिटाला 40 किंवा जास्त आले तर न्यूमोनियाची शंका, दोन महिने ते एक वर्षात 50, दोन महिन्यांच्या आत 60, आणि बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल तर आकडा न बघता हॉस्पिटल गाठायचं. कान आणि घसा सगळ्यात शेवटी बघितला, कारण त्यानेच मुलं रडतात. तिचे श्वास ठीक होते, अँटिबायोटिक दिलं नाही, मी विचारल्यावर व्हायरसवर त्याचा उपयोग नाही म्हणाले आणि श्वास कसे मोजायचे ते माझ्याकडूनच करून घेतलं. तापाच्या औषधाचा डोस वयावर नाही, वजनावर लिहून दिला, आणि ड्रॉप्स आणि सिरपमध्ये औषधाचं प्रमाण वेगळं असतं म्हणून एकाचा डोस दुसऱ्याच्या बाटलीतून मोजायचा नाही हे बाटल्या समोर ठेवून दाखवलं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरी औषध देऊन वाट बघत बसायचं नाही, हे त्यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय, आणि माझ्या मते ते प्रत्येक दवाखान्यात लावायला पाहिजे.

आता अर्धा गुण. एकेका बाळाला एवढा वेळ देतात म्हणजे बाहेरच्यांना थांबावं लागतं, दिलेली वेळ कधीच पाळली जात नाही, उपाशी तान्ह्याला घेऊन बसणं सोपं नाही आणि पाजायला पडद्यामागे एकच खुर्ची आहे. लसीकरणाची वेळ आजारी मुलांपासून वेगळी ठेवलीय ते फार चांगलं, पण ती वेळ संपत आली की दोन्हीकडची गर्दी एकाच बाकावर येते, त्याचं काहीतरी करायला हवं. फोन दुपारी कुणी उचलत नाही. रात्री मात्र डॉक्टरांनी दिलेल्या नंबरवर सिस्टर बोलतात, आधी बाळ दूध ओढतंय का, श्वास कसा आहे, शू झाली का एवढंच विचारतात आणि मग आत्ता आणा का सकाळी आणा ते सांगतात. जाताना फाइल, चालू औषधांच्या बाटल्या आणि एक जास्तीचं दुपटं न्या, आणि बाळाला सुटसुटीत समोरून उघडणारे कपडे घाला, कारण सगळे काढायला लागणारच आहेत.